मुरत ठेवलेली भेट

जी भेट पोचायला वीस वर्षं लागतात, ती घेणाऱ्यावर काही बंधन घालते का? हा प्रश्न मला पडला तो इंग्लंडातल्या एका जुन्या प्रथेमुळे. तिथल्या जमीनदारांच्या वाड्यांत वारस जन्मला की कडक एल गाळून तळघरात ठेवत आणि तो २१ वर्षांचा, म्हणजे कायद्याने सज्ञान झाला की ती काढत. तिला ‘मेजॉरिटी एल’ म्हणत. अनुवाद करताना आधी या नावाशीच झटापट झाली. ‘सज्ञानाची बिअर’ हास्यास्पद, ‘वयात आल्याची दारू’ त्याहून वाईट. शेवटी ‘मुरणं’ हे क्रियापद मदतीला आलं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, माणूस राजकारणात मुरतो. बिअरही मुरते, पण कुठलीही नाही.

बार्लीला मोड आणून ती वाळवतात, भरडून गरम पाण्यात भिजवतात. पाण्यात उतरलेली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार होतं. घरी २० लिटर साध्या बिअरला चार-पाच किलो मॉल्ट पुरतं. मुरवायच्या बिअरला आठ-दहा किलो लागतं आणि अल्कोहोल नऊ-दहा टक्क्यांवर जातं. हॉप्सही सढळ हाताने घालावे लागतात, कारण त्यांचा कडूपणा वर्षागणिक ओसरत जाणार असतो. अशी बिअर पहिल्या वर्षी घशाला चटका देते. काही वर्षांनी तिच्यात मनुकांची, सुक्या अंजिरांची चव येते, पुढे शेरीसारखी. यातला बराचसा बदल बाटलीत उरलेला किंचित ऑक्सिजन घडवतो. तोच ऑक्सिजन साध्या बिअरला शिळी करतो, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास आणतो. म्हणजे काळ आपण होऊन काही पिकवत नाही. आधी जे भरलेलं असतं, त्याचंच तो काहीतरी करतो.

वाड्यांमधल्या या प्रथेला दुसरी बाजूही आहे. भिजवलेल्या धान्यातून निघालेला पहिला रस सर्वांत दाट. कडक एल त्याची. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून निघालेल्या पातळ रसाची ‘स्मॉल बिअर’ व्हायची, आणि ती नोकरचाकर रोज प्यायचे. पहिल्या धारेचं ते वारसाचं, उरलेलं राबणाऱ्यांचं. वीस वर्षं थांबण्याची चैन ज्यांना परवडत होती, त्यांचीच ही प्रथा होती.

आता ती चैन साध्या घरांत आली आहे. ब्रिटनमध्ये १८८०पासून घरी बिअर करायला परवाना लागे; १९६३मध्ये ती अट गेली. विकायला मात्र बंदी राहिली. घरची बिअर प्यायची किंवा द्यायची, एवढंच. तिला बाजारात किंमत नाही, म्हणून तिच्याकडे निव्वळ भेट म्हणून पाहता येतं.

माझा मावसभाऊ लीड्सला असतो. २००३मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याने अशी चाळीसेक बाटल्या बिअर केली. दर वाढदिवसाला एक उघडायची, चव वहीत लिहायची, बाकीच्या जिन्याखालच्या थंड कपाटात ठेवायच्या. मुलाने एकोणिसाव्या वर्षी दारू कायमची सोडली. एकविसावा वाढदिवस जवळ आला तेव्हा त्याने सरळ सांगितलं, “बाबा, तू इतकी वर्षं जपलंस ते मला कळतं. पण मी पीत नाही, आणि त्या दिवसापुरतीही पिणार नाही.” भाऊ मला फोनवर म्हणाला, “ताई, मान ठेवायला एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं?”

मला वाटतं, बिघडलं असतं. एका घोटाने बापाचा मान राहिला असता, पण भेटीचं रूपांतर वसुलीत झालं असतं. ‘मी वीस वर्षं थांबलो’ हे खरं आहे. पण त्या थांबण्याचं सुख दरवर्षी, बाटलीगणिक, थांबणाऱ्यालाच मिळत होतं. ज्या बाळासाठी त्याने ती केली, ते बाळ आता कुठेच नाही. त्याच्या जागी एक तरुण माणूस उभा आहे, ज्याच्याशी हा करार कधी झालाच नव्हता. दूरची तारीख धरून काही करणाऱ्याने एवढं गृहीत धरायलाच हवं. तिथे कायद्यालाही तारीख टिकवता आली नाही: १९७०पासून सज्ञान होण्याचं वय १८ झालं. ज्यांच्या बाटल्या २१ धरून ठेवलेल्या होत्या, त्यांचे वारस बिअरच्या आधीच सज्ञान झाले असतील.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. आपण मुलांना जे देतो ते सगळं न विचारताच देतो. नाव, धर्म, जेवणाच्या सवयी, भाषा. घेणाऱ्याची संमती असल्याशिवाय काहीच द्यायचं नाही म्हटलं, तर कुणालाच वाढवता येणार नाही. भावाने लीड्समध्ये त्या मुलाशी हट्टाने मराठीच बोलली. वर दिलेला नकार मराठीतच दिलेला आहे. मी अनुवाद केलेला नाही.

पण फरक इथेच दिसतो. भाषा एकदा आत गेली की परत करता येत नाही. तिच्याविरुद्ध बोलायलाही तीच वापरावी लागते. बाटली बंद राहू शकते. म्हणून वारशात देण्यासारख्या गोष्टींत ती मला अधिक सरळ वाटते. जिला नाही म्हणता येतं, तीच भेट. बापाचं जे खरोखर हातात होतं ते त्याने २००३मध्येच केलं होतं: धान्य पुरेसं घातलं, बाटल्या स्वच्छ धुतल्या, बुचं घट्ट लावली. पुढच्या चवीवर त्याचा हक्क नव्हता, पिणाऱ्यावर तर नाहीच.

तरी बाटल्या अनंतकाळ थांबत नाहीत. मुरण्याला शिखर असतं आणि त्यानंतर उतार. कुणाच्या होकाराची वाट पाहत त्या तशाच ठेवणं म्हणजे मुलाच्या नकाराला न संपणारं ओझं करणं. भावाला मी एवढंच सुचवलं: मुलाची परवानगी घे, चार मित्रांना बोलाव आणि उघड. मुलगा म्हणाला, त्या संध्याकाळी तोही येईल आणि वहीतल्या नोंदी वाचून दाखवेल.