रक्ताची पत्रिका

शरणांनी शुभाशुभ मुहूर्त मानले नाहीत. विवाहात त्यांनी भक्ती पाहिली, जन्म पाहिला नाही. आता एक नवीच पत्रिका आपल्या दारी आली आहे. ती ग्रहांची नसून रक्ताची आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड, कोलाम बांधवांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासणीनंतर कार्ड देण्याची तीत योजना आहे.

विज्ञान काय सांगते? वधू-वर दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोगाची शक्यता चारांत एक असते. एकच वाहक असून दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल, तर अपत्याला हा रोग होत नाही. वाहक स्वतः बहुधा निरोगीच असतो. यावर निःशंक विश्वास ठेवावा.

मात्र ‘वाहक’ हा शब्द ऐकताच मुलीला नाकारणे, हे विज्ञानाचे सांगणे नव्हे. ते आपले जुनेच सोवळे होय. उलट, कलंकाच्या भयाने कार्ड लपविणे हा येणाऱ्या बाळाचा अपराध होय. म्हणून वधू-वरांनी एकमेकांना सत्य सांगावे, वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि निर्णय स्वतः करावा. गावाने त्यात डोकावू नये.

कल्याणात हरळय्या आणि मधुवरस यांनी मुलांचा विवाह जुळविला, तेव्हाही जन्माचाच आक्षेप निघाला होता. कार्ड हा दिवा आहे. त्याने वाट पाहावी, कोणाचे घर जाळू नये.