मजुरीची ओळ

पुण्यात नवी पेठेत, अभ्यासिकांच्या गल्लीत, एक बाई खानावळ चालवत. बीड, लातूर, परभणीकडून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेली मुलं तिथे दोन्ही वेळ जेवत. खानावळ काढतानाच बाईंनी काही गोष्टी मनाशी ठरवल्या होत्या. तळणीचं तेल दुसऱ्यांदा वापरायचं नाही. स्वयंपाकाच्या बायकांना आठवड्याची सुट्टी पगारी द्यायची. आणि थाळी साठ रुपयांच्या वर न्यायची नाही, कारण समोर बसलेल्या मुलाच्या बापाने सोयाबीन विकून पैसे पाठवलेले असतात.

२०२२ साल उजाडलं. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि तिकडून येणारं सूर्यफुलाचं तेल इथल्या वाण्याकडे कडाडलं. १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर त्याच वर्षी २००० रुपयांच्या वर गेलं. आजूबाजूच्या खानावळींनी दर वाढवले. बाईंनी वाढवला नाही. मुलं दुवा देत होती, गल्लीत नाव झालं होतं, आणि ते नाव खरं होतं. फक्त बायकांचा पगार आधी चार दिवस, मग आठवडा, मग पंधरवडा पुढे जाऊ लागला. ‘थोडं थांबा’ म्हटलं की चौघीही थांबत.

एका दुपारी भांडी आवरल्यावर पोळ्या करणाऱ्या मावशी ओट्यापाशी उभ्या राहिल्या. “ताई, पोरांना स्वस्तात जेवू घालता, ते कुणाच्या पैशानं?”

“म्हणजे काय मावशी? माझ्याच की.”

“तुमच्या न्हाई. आमच्या पगारातनं. दान करायला आमची ना न्हाई, पण आम्हाला इचारलं पायजे व्हतं. माझाबी पोरगा बारावीला हाय.”

या गोष्टीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे विचारणं. चांगुलपणाने चाललेल्या जागी असा प्रश्न करायला फार धैर्य लागतं. मालक लुबाडणारा असला तर त्याच्याशी भांडता येतं. मालकीण भली असली की मजूर आपलं दुखणं गिळून टाकतो, आणि ती भली राहावी म्हणून आणखी सोसतो.

बाईंनी त्या रात्री वही उघडली. डाळ-तांदूळ, पीठ, भाजी, तेल मिळून थाळीमागे ३८ रुपये. गॅस आणि वीज ६. जागेचं भाडं ८. चौघींची मजुरी १४. बेरीज ६६. थाळी विकली जात होती ६० ला. वरचे सहा रुपये कुठून येत होते हे पाहायला दुसरी वही उघडावी लागली नाही. वाण्याचं, गॅसवाल्याचं, घरमालकाचं देणं तारखेला चुकतं होत होतं. थांबून राहिलेला आकडा एकच होता.

हाच हिशोब पाळणारी एक जागा मावशींच्या घरच्यांना ठाऊक होती. त्यांचे यजमान मार्केट यार्डात हमाल. त्यांचं दुपारचं जेवण ‘कष्टाची भाकर’मध्ये. पुण्यात हे नाव सांगायला लागत नाही. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ते केंद्र सुरू केलं, पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पोटभर आणि ताजं खायला मिळावं म्हणून. ‘ना नफा ना तोटा’ हे त्याचं सूत्र. लोक त्यातलं ‘ना नफा’ ऐकतात आणि हात जोडतात. ‘ना तोटा’ पाळणं त्याहून कठीण आहे. धान्य महागलं तसे तिथले दरही वाढत आले, म्हणून पन्नास वर्षं होऊन गेली तरी चूल पेटलेली आहे. याउलट, १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली होती. हेतू चांगलाच होता. पण एका रुपयात भाकरी होत नाही. केंद्रांवर हळूहळू वडापाव आणि चहा विकला जाऊ लागला आणि योजना काही वर्षांतच बंद पडली.

वही मिटली तरी बाईंचा जीव अडकला होता तो मुलांमध्ये. तेवढ्यात डबे पोचवणाऱ्या एका माणसाने तोडगा सुचवला: दोन थाळ्या करा, एक नेहमीची, एक पातळ आमटीची, स्वस्त तेलातली, मुलांसाठी. बाईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. अशीच वेळ १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांवर आली होती. ८० रुपये उसने घेऊन त्यांनी पापड लाटायला घेतले आणि हलक्या प्रतीचा पापड कमी भावाने विकायचा विचार केला. त्यांना सल्ला देणाऱ्या छगनबाप्पांनी बजावलं की एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशोब चोख लिहा. त्या पापडाचं नाव पुढे लिज्जत झालं. गरिबासाठी हलकं करायचं, हा विचारच बाईंना अपमानाचा वाटला.

सोमवारी खानावळीच्या दारात फळा लागला. थाळी ७० रुपये, आणि खाली वहीतलाच हिशोब: जिन्नस ३८, गॅस-वीज ६, भाडं ८, मजुरी १४, शिल्लक ४. पुण्यात पाटी लागली की ती वाचली जातेच. काही मुलं दुसरीकडे गेली. काहींनी वाद घातला. नांदेडचा एक मुलगा बराच वेळ मजुरीच्या ओळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “माझी आई मिरची खुडायला जाते. तिचा आकडा कधी कुणी फळ्यावर लिहिला नाही.”

ज्यांना सत्तर खरोखरच जड होते त्यांचं काय, हा प्रश्न समोरच्या वाड्यातल्या निवृत्त शिक्षकांनी सोडवला. पूर्वी या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. रोज एकाच्या घरी. शिक्षक स्वतः तसेच शिकले होते. त्यांनी बाईंच्या हाती पैसे ठेवले आणि म्हणाले, “गुरुवार माझा. दोन ताटं. कोण जेवलं ते मला सांगू नका, त्याला माझं नाव सांगू नका.” मग अभ्यासिकेच्या मालकांनी सोमवार घेतला. नोकरी लागलेल्या एका जुन्या मुलाने शुक्रवार घेतला. देणाऱ्याने ठरवून दिलं, आणि मावशींच्या पगारातून काही कापलं गेलं नाही.

थकलेला पगार दिवाळीपर्यंत फिटला. जिन्नस पुन्हा महागल्यावर थाळी ८० रुपयांवर गेली, तेव्हा मजुरीचा आकडा आधी चौघींना विचारून फळ्यावर लिहिला गेला. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला होतो. वाण्याचं बिल त्यानंतर. बुधवार आणि शनिवारची ताटं अजून कुणी घेतलेली नाहीत.