अनोळख्याचा जामीन

घर भाड्याने देणारा गृहस्थ समोर उभ्या राहिलेल्या माणसाला आडनाव, मूळ गाव, नोकरीचे ठिकाण आणि 'घरात मांसमच्छी चालते का?' हे सारे एका दमात विचारतो, तेव्हा तो केवळ चौकसपणा करीत नसतो. ज्याला आपण ओळखत नाही त्याची हमी कोणी घ्यावी, या फार जुन्या धर्मप्रश्नाशी तो आपल्या कुवतीप्रमाणे झुंजत असतो.

हा प्रश्न सर्वांत उघड्या स्वरूपात पाहावयाचा तर जपानकडे पाहावे. 2000 सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी तोक्योत गेलेली आणि एदोगावा भागातील निशी-कासाई येथे स्थिरावलेली भारतीय कुटुंबे, ज्यांत मराठी बिऱ्हाडेही आहेत, या परीक्षेतून गेलेली आहेत. तेथे अनामत रक्कम द्यावी लागते. शिवाय घरमालकाला 'रेइकिन' नावाचा, परत न मिळणारा नजराणा द्यावयाचा आणि या सर्वांवर एक जामीनदार उभा करावयाचा, तोही शक्यतो जपानी. कालपरवा विमानातून उतरलेल्या माणसाने असा आप्त आणावा कोठून? तेथील न्याय मंत्रालयाने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधणाऱ्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांनी केवळ परकीय म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले होते. नकार बहुधा अत्यंत विनयाने दिला जातो, हे खरे. पण नम्र नकारानेही डोक्यावर छप्पर येत नाही.

आपण मात्र अतिथीला देव मानणारे, असे कोणी अभिमानाने म्हणेल, तर त्याने स्मृतिकारांचे वचन नीट पाहावे. अतिथी म्हणजे एक रात्र राहणारा. त्याच्याकडून भाडे घ्यावयाचे नाही, त्याच्याशी कबुलायत करावयाची नाही आणि पहाटे त्याला वाटेला लावून पुण्याचा हिशेब पुरा करावयाचा. भाडेकरू अतिथी नव्हे आणि आप्तही नव्हे. तो पैसे मोजतो, अकरा महिन्यांचा दस्त नोंदवतो, आपल्या नळाचे पाणी भरतो आणि जिन्यात रोज भेटतो. त्याच्यासाठी आपल्या धर्मशास्त्राने वेगळे प्रकरण लिहिले नाही, म्हणूनच नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या पाट्यांवर 'फक्त कुटुंबासाठी' आणि 'फक्त शाकाहारी' ही स्मृती चालते.

खुद्द रामचंद्रही नाशिकला परगावचेच. वाल्मीकींच्या कथेत अगस्त्यांनी जागा सुचविली, वाटेत जटायूने 'मी तुझ्या पित्याचा मित्र' अशी ओळख दिली आणि त्यानंतरच लक्ष्मणाने पंचवटीत पर्णशाला उभारली. म्हणजे शिफारस आणि जामीन दोन्ही आधीच मिळालेली होती. (ज्यांना हे वाचन अश्रद्ध वाटेल, त्यांनी अरण्यकांडातील सर्गांचा क्रम पाहावा.) तीच रीत पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात आजवर टिकली आहे. दमलेला यात्रेकरू ओसरीवर टेकतो, गाव आणि कुळ सांगतो, आणि उपाध्ये लांबट चोपड्यांची चळत चाळून त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवितात. त्या क्षणी तो परका राहत नाही, पथारीची सोय होते. ही रीत मनोहर आहे, पण तिच्यात एक क्रौर्य दडलेले आहे. ज्याचा पणजोबा वहीत नाही त्याचे काय? आणि ज्याच्या पणजोबाला वहीपर्यंत येऊच दिले नाही, त्याचे काय?

1917 साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास घर मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. पुढे 2 मार्च 1930 रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच पंचवटीत. वनवासी रामाच्या दाराशी, दार उघडा म्हणून. ओळखीवर उभा असलेला आश्रय अखेर जातीवर उभा असतो, हे त्या दोन्ही दारांनी पुरते सिद्ध केले आहे.

नकाराचा आणखी एक प्रकार जपानी झेन मठांत आहे. प्रवेश मागणाऱ्या नवख्या भिक्षूला उंबऱ्याशी मान लववून एक-दोन दिवस ताटकळत ठेवतात आणि मग आत घेतात. तेथे नाकारणाऱ्याला आणि नाकारल्या जाणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते की दार उघडणार आहे. घरमालकाच्या नकारात ते आश्वासन नसते.

मला या प्रश्नाचे सर्वांत प्रौढ उत्तर शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्याकडेच्या त्रिरश्मी डोंगरात सापडते, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे लेणे कोरविले ते कोणा ओळखीच्या मंडळींसाठी नव्हे, तर चारी दिशांकडून येणाऱ्या भिक्षुसंघासाठी. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी वर्षावास करावा असा नियम. पण राहणाऱ्याच्या निर्वाहाचे काय? त्यासाठी उषवदाताने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा दरशेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याजच खावयाचे. हे सारे निगमसभेत वाचून दाखवून दप्तरी नोंदविलेही गेले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भाडेकराराला अंगठा देणाऱ्या माणसाला हे वाचून आपल्याच मुलखात आल्यासारखे वाटावे. आणि दाता कोण, तर शक. त्याच डोंगरात दत्तामित्री नगराहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानेही लेणे कोरविले आहे. म्हणजे येथे परकाच घरमालक झाला, आणि ज्यांना घर दिले ते कोण असतील हे त्याला ठाऊकही नव्हते.

यातले मर्म दानाच्या औदार्यापेक्षा हमी कोठे ठेवली यात आहे. येणाऱ्या भिक्षूच्या कुळावर ती ठेवली नाही, दात्याच्या लहरीवरही नाही. ती विणकरांच्या श्रेणीवर ठेवली, जी भिक्षूला पाहणारही नव्हती. करुणा एका गृहस्थाच्या अंतःकरणात ठेवली की ती त्याच्या भीतीच्या शेजारी राहते आणि बहुधा भीतीच जिंकते. तीच करुणा संस्थेच्या खतावणीत लिहिली की दार उघडावयास धैर्य लागत नाही. भिक्षूला काषाय वस्त्र हीच ओळख होती, पोराबाळांच्या संसारी माणसाला त्या कोठडीत थारा नव्हता, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो मला मान्य आहे. पण वस्त्र वगळूनही व्यवस्था उरते. जपानात अलीकडे शुल्क घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत, आणि 'यू. आर.' या अर्धसरकारी गृहसंस्थेची घरे तर जामीनदाराशिवाय व नजराण्याशिवाय परकीयांनाही मिळतात. यात माणुसकी विकली गेली असे हळहळणाऱ्यांशी माझे जमत नाही. उषवदाताची माणुसकीही व्याजावरच चालत होती.

नाशिक जिल्ह्यात विणकर अजून आहेत, येवल्यात पैठणी विणतात. पतपेढ्या आहेत, सहकारी बँका आहेत, कामगारांच्या संघटना आहेत, देवस्थानांच्या ठेवी आहेत. यांपैकी कोणी सातपूरच्या कारखान्यात बिहारहून आलेल्या एखाद्या फिटरच्या खोलीसाठी जामीन राहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.