दहा मिनिटांचा हक्क

टोकियोतल्या पिआला या मार्केटिंग कंपनीचे कार्यालय २९व्या मजल्यावर होते आणि धूम्रपानाची जागा तळघरात. सिगारेट ओढायची म्हणजे लिफ्टची वाट बघा, खाली उतरा, ओढा, पुन्हा लिफ्टसाठी थांबा. एका खेपेला पंधरा मिनिटे सहज जात. २०१७ साली कंपनीच्या सूचनापेटीत न ओढणाऱ्या एका कर्मचाऱ्याची चिठ्ठी पडली, की या खेपांमुळे बाकीच्यांची अडचण होते. कंपनीचे प्रमुख ताकाओ असुका यांना ते पटले. त्यांनी ओढणाऱ्यांना शिक्षा केली नाही; न ओढणाऱ्यांना वर्षाला सहा दिवसांची जादा भरपगारी रजा दिली. बातमी जगभर गाजली आणि पुढे इंग्लंडमधल्या स्विंडनच्या एका कंपनीनेही चार दिवसांची तशीच रजा सुरू केली. निर्णयामागची भावना चांगली होती, यात शंका नाही. तरीही त्या चिठ्ठीला ते उत्तर नव्हते, असे मला वाटते. शेजारचा माणूस दिवसातून चार वेळा उठू शकतो आणि मी उठू शकत नाही, ही तिच्यामागची खरी व्यथा आहे. दुपारी चार वाजता आंबून गेलेल्या डोळ्यांना आणि आखडलेल्या पाठीला डिसेंबरातल्या रजेचा काय उपयोग? धूम्रपान करणाऱ्यांना कामाच्या वेळेत जादा विश्रांती द्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. पण त्यांना आज जी मिळते ती काढून घ्यावी, असे मी म्हणणार नाही. तेवढीच विश्रांती प्रत्येकाला मिळावी, भरपगारी मिळावी आणि तिचे कारण कुणी विचारू नये.

सिगारेटसाठी घेतलेल्या विश्रांतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक म्हणजे निकोटिन. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. मग चिडचिड होते, लक्ष लागत नाही, हात खिशाकडे जातो. झुरका घेतल्यावर जी स्वस्थता वाटते, तिचा बराचसा भाग म्हणजे त्या सवयीनेच निर्माण केलेली बेचैनी शमणे. 'सिगारेटशिवाय मला काम सुचत नाही' असे म्हणणारा खोटे बोलत नाही. फक्त न ओढणाऱ्याला ज्या पातळीवर आयतेच बसायला मिळते, त्या पातळीवर यायला त्याला सिगारेट लागते. दुसरी गोष्ट म्हणजे निव्वळ उसंत. खुर्ची सुटते, पाय मोकळे होतात, नजर पडद्यावरून हटते, दोन शब्द बोलणे होते. या दुसऱ्या गोष्टीचा लाभ कुणालाही होतो. रुमानियातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दहा मिनिटांपर्यंतच्या छोट्या विश्रांतीविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. अशा विश्रांतीने थकवा कमी होतो आणि तरतरी वाढते, असे त्यांना आढळले. कामाचा दर्जा मात्र सरसकट सुधारतो असे दिसले नाही. फार डोके चालवावे लागणाऱ्या कामात एवढी विश्रांती पुरेशी ठरत नाही, असा त्यांचा अंदाज आहे. मला ही कबुली महत्त्वाची वाटते. छोट्या विश्रांतीने मालकाचे उत्पादन हमखास वाढेल, असे आमिष दाखवून तिची बाजू मांडायची गरजच नाही. माणूस कमी थकतो, एवढे कारण पुरेसे आहे.

मुंबईत हे कारण मान्य करून घ्यायला फार झगडावे लागले आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. तिच्या शेजारीच दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीची मागणी होती, तिचा उल्लेख फारसा होत नाही. १८९१च्या कायद्याने ती मान्य झाली. पण प्रौढ पुरुषाने दिवसाला किती तास राबावे याला त्या कायद्यात मर्यादा नव्हती. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताचा अडसर गेला आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. एवढा वेळ सलग कुणीच साच्यापाशी उभे राहू शकत नाही. कामगार आवारात जात. बिडी ओढत, पाणी पीत, जेवत, अंघोळसुद्धा उरकत. जोडीदाराला साचा सांभाळायला सांगून आळीपाळीने बाहेर पडायची रीत पडून गेली होती.

१९०८च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढे हा विषय आला, तेव्हा गिरणीमालकांनी या बिडीचा पुरावा म्हणून वापर केला. आमचा कामगार तसाही रेंगाळतो, रोज तास-दोन तास बाहेरच असतो, मग त्याचा दिवस लांब कसा म्हणता, असा त्यांचा युक्तिवाद होता. कमिशनच्या बहुमतानेही रेंगाळण्याची सवय हा हिंदी कामगाराचा स्वभाव धरला आणि प्रौढ पुरुषांचे तास कायद्याने थेट बांधायला नकार दिला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली आणि तासांना सरळ मर्यादा घाला, असे सांगितले. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांपुरती बारा तासांची मर्यादा आलीच. या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्यात आजच्या वादाचे मूळ सापडते. हक्काची विश्रांती नसली की माणूस ती चोरून घेतो. चोरून घ्यायला निमित्त लागते आणि बिडी हे सर्वांत जुने, सर्वांना मान्य असलेले निमित्त. मग ते निमित्तच त्याच्या आळसाचा दाखला म्हणून त्याच्यावर उलटवता येते. 'धूम्रपानवाले फार वेळ बाहेर असतात' ही आजची तक्रार आणि 'कामगार रेंगाळतो' ही तेव्हाची तक्रार, दोन्हींत दिवसाची लांबी किती आणि त्यात हक्काची उसंत किती, हा हिशेब वगळलेला असतो.

आपल्याकडे सिगारेटसाठी बाहेर पडणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. पूर्वी सरकारी कचेरीतल्या टेबलावरही रक्षापात्र असे आणि साहेब फाइल वाचता वाचता ओढत. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, २००३ साली कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी कामाच्या जागाही धूरमुक्त ठरल्या. विमानतळ, मोठी हॉटेले आणि उपाहारगृहे सोडली, तर धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवायचीही सोय राहिली नाही. सहकाऱ्यांच्या फुप्फुसांचे रक्षण करणारा हा निर्णय सर्वथा योग्य होता. त्याचा एक आनुषंगिक परिणाम मात्र असा झाला, की ओढणारा इमारतीबाहेर गेला, फाटकासमोरच्या टपरीवर उभा राहिला आणि त्याची विश्रांती सर्वांच्या नजरेत आली.

टपरीवर कोण दिसतो, हेही पाहायला हवे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. पण प्रौढांतले धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आहेत. खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के. महाराष्ट्राचे व्यसन मुख्यतः धुराचे नाहीच. वॉचमन डाव्या तळहातावर तंबाखू घेतो, नखाने चुना काढतो, अंगठ्याने मळतो, थापटून भुकटी उडवतो आणि चिमूट ओठाखाली ठेवतो. हे सगळे फाटकावर उभ्या उभ्या, येणाऱ्या गाडीचा नंबर वहीत लिहिता लिहिता होते. मशेरी लावणाऱ्या बाईलाही कुणी त्यासाठी वेगळा वेळ देत नाही. निकोटिनची गरज दोघांची तीच, कर्करोगाचा धोकाही आहेच, पण विश्रांती शून्य. त्याच सर्वेक्षणात देशात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १९ टक्के होते, बायकांचे २. म्हणजे धूम्रपानासाठी सवलत दिली, तर तिचा लाभ प्रामुख्याने टेबलावरून मनाप्रमाणे उठू शकणाऱ्या पुरुषांना होणार. आणि ज्यांना विश्रांतीची निकड सर्वांत जास्त, त्या दुकानांतल्या विक्रेत्या मुलींना बसायचा हक्कसुद्धा लढून घ्यावा लागतो. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी लघवीला जाऊ द्या आणि बसू द्या, एवढ्याच मागणीसाठी काही वर्षे आंदोलन केले, तेव्हा २०१८ साली कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ मध्ये त्याचे अनुकरण केले.

विश्रांती असमान वाटली गेली, की केवळ मिनिटे असमान होत नाहीत. झोई कलन आणि रिकार्डो पेरेझ-ट्रुलिया या अर्थशास्त्रज्ञांनी आग्नेय आशियातल्या एका मोठ्या बँकेतल्या बढत्यांचा अभ्यास केला. पुरुष साहेबांच्या हाताखाली पुरुष कर्मचारी बायकांपेक्षा वेगाने वर चढतात, असे त्यांना दिसले. कामाचा उरक किंवा वेळ वाढल्याची चिन्हे मात्र नव्हती. मग त्यांनी धूम्रपानाची कसोटी लावली. सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्याला सिगारेट ओढणारा साहेब मिळाला, की दोघांच्या विश्रांतीच्या वेळा जुळतात आणि कर्मचाऱ्याची बढतीही लवकर होते. टपरीवरच्या दहा मिनिटांत कोणती जागा रिकामी होणार, कोणत्या प्रकल्पावर माणूस हवा आहे, हे आधी कळते. नव्याने रुजू झालेला मुलगा केवळ त्या घोळक्यात उभे राहता यावे म्हणून पहिली सिगारेट हातात घेत असेल, तर त्याला दोष देण्याआधी उसंत आणि ओळख या दोन्हींची किल्ली आपण सिगारेटला बांधून ठेवली आहे, हे मान्य करावे लागेल. धूम्रपानाला वेगळी सवलत देण्याविरुद्धचा हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

यावर एक गंभीर प्रतिवाद आहे. व्यसन हा आजार आहे, मग मधुमेही माणसाला वेळेवर खायची मुभा देतो तशी व्यसनीला का देऊ नये? व्यसन हा आजार आहे हे मला मान्य आहे आणि म्हणूनच तलफ लागलेल्या माणसाला हिणवणे मला पटत नाही. पण मधुमेही वेळेवर खातो तेव्हा त्याची प्रकृती सांभाळली जाते; सिगारेटच्या मुभेने आजार पोसला जातो. या आजाराला सवलत द्यायची तर ती सोडण्यासाठी द्यावी: समुपदेशनाला जायला भरपगारी वेळ, निकोटिनच्या गोळ्या आणि पट्ट्यांचा खर्च, सुरुवातीच्या आठवड्यांत कामाचा भार थोडा हलका. सोडल्यावर मन खचते ही भीती अनेकांना असते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली आलेल्या एकत्रित विश्लेषणात मात्र सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला आढळला. आणि सर्वांना मिळणाऱ्या दहा मिनिटांत ज्याला ओढायचे तो ओढेलच. त्याचे काही हिरावले जात नाही.

दुसरे म्हणणे पैशाच्या हिशेबाचे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यामुळे मालकावर वर्षाला ५,८१६ डॉलरचा जादा बोजा पडतो, असा अंदाज मांडला आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग विश्रांतीच्या वेळेचा धरला. मग ती मिनिटे मोजून पगारातून कापली तर काय बिघडले, असे विचारले जाते. काय बिघडते, ते ओसाकात दिसले. २०२३ साली तिथल्या प्रांतिक सरकारने एका अधिकाऱ्याने साडेचौदा वर्षांत साडेचार हजारांवर वेळा कामाच्या वेळेत सिगारेट ओढल्याचा हिशेब काढला, एकूण ३५५ तास भरवले आणि चौदा लाखांहून अधिक येन परत मागितले. आकडा दचकवणारा आहे. पण भागाकार केला, तर वर्षाला २४-२५ तास होतात, म्हणजे कामाच्या दिवसाला सहा मिनिटांच्या आसपास. सहा मिनिटे कोण खिडकीशी उभे राहत नाही? स्पेनमध्ये तर मोजणीची व्याप्ती कशी वाढते, याचा पाठच मिळाला. २०१९ साली कामाचे तास नोंदवणे तिथे सक्तीचे झाले, ते खरे तर विनामोबदला जादा काम थांबावे म्हणून. गाल्प या तेल कंपनीने त्याचा आधार घेऊन सिगारेटसाठी बाहेर जाणाऱ्यांना नोंद करायला लावली, आणि त्याच नियमात कॉफी आणि न्याहारीसाठी बाहेर जाणारेही आले. कामगार संघटना न्यायालयात गेली. राष्ट्रीय न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. सिगारेट न ओढणाऱ्यांची कॉफीही त्या निकालात गेली. ओढणाऱ्याची मिनिटे कापा, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याने हा निकाल वाचायला हवा.

राहिला मालकाचा व्यवहारी प्रश्न: सगळेच उठले तर काम कोण करणार? कचेरीत हा प्रश्न फारसा खरा नाही, तिथे माणसे आजही उठतातच. जुळणीच्या पट्ट्यावर, दवाखान्याच्या वॉर्डात, दुकानाच्या काउंटरवर आणि सोसायटीच्या फाटकावर तो खरा आहे. तिथे बदली माणूस लागतो आणि त्याचा पगार द्यावा लागतो. हा खर्च आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण आजही तो कुणीतरी भरतोच: बारा तास उभा राहणारा वॉचमन तो गुडघ्यांनी भरतो, पाणी कमी पिऊन लघवी रोखून धरणारी परिचारिका मूत्रमार्गाच्या संसर्गाने भरते. आपल्या कायद्यांनी पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी मान्य केली, ती लोखंड्यांच्या मागणीच्या फार पुढे गेलेली नाही. उलट दिवस पुन्हा लांबतो आहे; कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. लांब पाळीच्या नियमांत दर दोन-अडीच तासांनी दहा भरपगारी मिनिटे, बसायला जागा, जवळ स्वच्छतागृह आणि पट्ट्यावर, वॉर्डात, फाटकावर बदली माणूस, एवढे लिहून घेण्यासाठी कामगार संघटनांनी आताच बसायला हवे. कंत्राटी कामगाराला ते लागू आहे, हे पहिल्याच ओळीत लिहावे, कारण गाळले जाण्याची पहिली पाळी त्याचीच असते.