कानाडोळा

मराठी भाषेनं जगाला काय दिलं, असं मला कुणी विचारलं (कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी), तर मी ‘कानाडोळा’ हा शब्द पुढं करीन. पंडित म्हणतात, मूळ शब्द ‘काणाडोळा’. काणा म्हणजे एका डोळ्याचा. एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याला जे दिसलं ते दिसलंच नाही असं समजायचं. आम्हा अडाण्यांनी त्यात कानही घुसडला, ते बरंच झालं. नुसतं पाहिलेलं विसरून भागत नाही, ऐकलेलंही विसरावं लागतं.

संसार या एका शब्दावर उभा आहे. जिऱ्याच्या डब्याखाली आईनं ठेवलेल्या नोटा वडिलांना ठाऊक असतात. वडिलांच्या कोटाच्या आतल्या खिशातली तंबाखूची पुडी आईला ठाऊक असते. दोघंही चाळीस वर्षं आपल्याला काहीच ठाऊक नाही अशा थाटात वावरतात आणि लोक म्हणतात, जोडा कसा लक्ष्मीनारायणासारखा! त्या दोघांनी एकमेकांचे खिसे आणि डबे तपासायचे ठरवले असते, तर लक्ष्मी एकीकडे आणि नारायण दुसरीकडे गेले असते.

आता बाजारात एक असा डोळा आला आहे, की ज्याला पापणीच नाही. त्याला कानाडोळा करता येत नाही. तो विकत घ्यायच्या कामी माझी नेमणूक झाली, ती अनसिंगच्या माझ्या मामेभावाकडून.

अनसिंग म्हणजे वाशिमहून पुसदच्या वाटेनं निघालं की लागतं ते. वाशिम जिल्हा नवा, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला. पण वाशिम गाव जुनं. वत्सगुल्म म्हणून वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. वाकाटकांच्या खजिन्यात महिनाअखेर पैसे कमी भरत होते की काय, याबद्दल ताम्रपट काही बोलत नाहीत. मामेभावाच्या गल्ल्यात मात्र भरत होते. त्याचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. आठवड्याला दोन-तीनशे रुपयांचा हिशेब लागेना. त्यानं फोन केला, “दादा, तुम्ही शिकेल मानूस. कॅमेरा कोनता घ्या लागते, ते येऊन सांगा.”

शिकलेल्या माणसाला कुठल्याही वस्तूतलं कळतं, असा आमच्याकडे एक समज आहे. तो टिकवण्यासाठी मी आधी चार दिवस अभ्यास केला आणि मग वाशिमच्या एका दुकानात आम्ही जाऊन बसलो.

पहिला प्रश्न आला, ‘बुलेट’ की ‘डोम’? बुलेट म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं, रोखलेलं बोट. डोम म्हणजे छताला पालथी चिकटवलेली वाटी. बुलेटचं तोंड कुणीकडे आहे ते लांबून दिसतं. वाटी नक्की कुठं बघते आहे ते सहसा कळत नाही. एक हवालदार आणि दुसरी शेजारीण, एवढाच फरक. आम्ही बाहेर हवालदार आणि आत शेजारीण बसवायचं ठरवलं.

मग भिंगाचा आकडा. २.८ मिलिमीटर, ३.६, ६. आकडा जितका लहान, तितका समोरचा पसारा मोठा आणि माणसाचा चेहरा बारीक. म्हणजे २.८ मध्ये सगळं दुकान दिसतं, पण चोर लांब असला तर ओळखू येत नाही. ६ मध्ये चोर छान ओळखू येतो, फक्त त्यानं नेमकं तिथंच येऊन उभं राहिलं पाहिजे. यावर पुष्कळ तत्त्वचिंतन करता येईल. पण दुकानदाराला जेवायला जायचं होतं.

रेकॉर्डर चार चॅनलचा की आठ? फिटिंगवाला पोरगा म्हणाला, “आठचाच घ्या काका, पुढं लागतेच.” मामेभाऊ म्हणाला, “चारचा दे. मले दोनच डोळे हायेत.” डिस्क एक टीबीची. इथं माझा अभ्यास कामी आला. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट लिहीत असेल, तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे शहाऐंशी. म्हणजे अकरा-बारा दिवसांत डिस्क भरते आणि यंत्र सगळ्यात जुन्या दिवसावर नवा दिवस लिहू लागतं. नव्या पद्धतीनं दाबून भरलं तर साधारण दुप्पट दिवस. चित्रगुप्तापेक्षा हा रेकॉर्डर मला पुष्कळ दयाळू वाटला. त्याच्याकडे पाप जास्तीत जास्त तीन आठवडे टिकतं.

बाकीच्या गोष्टी पोरग्यानं सांगितल्या, त्या खऱ्या शहाणपणाच्या होत्या. रेकॉर्डर गल्ल्याशेजारी ठेवू नका; हुशार चोर जाताना तोही घेऊन जातो. कॅमेऱ्याचं तोंड मावळतीकडे करू नका. संध्याकाळी सगळी गिऱ्हाइकं काळ्या सावल्या होतात. रात्रीच्या न दिसणाऱ्या दिव्यापाशी किडे जमतात, किड्यांपाठी कोळी येतो आणि भिंगावर जाळं विणतो. महिन्यातून एकदा फडकं मारा. पासवर्ड कारखान्यातून आलेला ठेवू नका. आणि चोख तपासणी झालेलंच मॉडेल घ्या. केंद्र सरकारनं ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे. म्हणजे राखणदार ठेवला, तर त्या राखणदारावरही लक्ष ठेवणं आलं.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड भाग शिडी भिंतीला लावल्यावर सुरू झाला. एक कॅमेरा रस्त्यावर, एक गोदामावर, एक दारावर. चौथा कुठं? मामेभाऊ गप्प. मी गप्प. पोरगा शिडीवर ड्रिल घेऊन उभा. कारण चौथा गल्ल्यावर, आणि गल्ल्यावर मुनीमजी.

मुनीमजी मामाच्या काळापासून आहेत. मामेभाऊ शाळेत जायला रडायचा, तेव्हा त्याला सायकलवर पुढं बसवून नेणारे मुनीमजीच. अशा माणसाच्या डोक्यावर वाटी पालथी घालायची, म्हणजे तोंडानं जे बोलायची हिंमत नाही ते भिंतीला बोलायला लावायचं. कॅमेरा घेताना आपण म्हणतो चोरासाठी घेतो. पण चोर कोण ते ठाऊक नसतं म्हणून तर कॅमेरा! खिळा ठोकायच्या क्षणी मात्र संशयाला दिशा द्यावी लागते, आणि ती दिशा सगळ्या गावाला दिसते.

घरातल्या पहिल्या कॅमेऱ्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहायची. रात्री-अपरात्री दार वाजलं तर उघडण्याआधी बाहेर कोण आहे ते कळावं, म्हणून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं दाराच्या भोकांवरून सरकणारा कॅमेरा आणि आत पडदा अशी योजना केली. १९६६ साली अर्ज केला, १९६९ साली पेटंट मिळालं. त्या बाईचा कॅमेरा दाराबाहेर बघत होता. तो आतल्या माणसांकडे कधी वळला, ते आपल्यालाही कळलं नाही.

उलट टोकाला आपलं शनी शिंगणापूर. घरांना दारंच नाहीत म्हणून प्रसिद्ध. युको बँकेनं २०११ साली तिथं शाखा उघडली, तेव्हा तिनंही दाराला नेहमीचं कुलूप घातलं नाही. चोरी केली तर शनिमहाराज बघून घेतील, हा भरवसा. शहरातल्या जिन्यांच्या कोपऱ्यांत देवादिकांच्या फरश्या बसवतात, तोही त्याच जातीचा भरवसा. पान थुंकायला वाकलेला माणूस फरशीवरच्या दत्ताशी नजरानजर होताच पिंक गिळतो. तिथं कुठला डीव्हीआर नि कुठली डिस्क!

पण मी कानाडोळ्याचं फार कौतुक केलं, आता त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेजारच्या घरात सुनेला मारतात हे गल्लीला ऐकू येतं आणि गल्ली टीव्हीचा आवाज वाढवते, तोही कानाडोळाच. कोठडीतला माणूस ओरडतो आणि बाहेरचा जमादार जांभई देतो, तोही. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला हुकूम दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, येण्याच्या नि जाण्याच्या दारापासून कोठडीपर्यंत, कॅमेरे बसवा आणि चित्रण अठरा महिने जपून ठेवा. अगदीच जमत नसेल तर निदान एक वर्ष. यात अनसिंगचं ठाणंही आलं. मला तो हुकूम फार आवडतो. आजवर कॅमेरा वरून खाली बघत होता; इथं कुणीतरी त्याची मान वळवली. थोरानं लहानाच्या चुकीवर डोळा मिटला तर ती माया. थोराच्या जुलमावर सगळ्यांनी डोळे मिटले तर तो भेकडपणा. शब्द मात्र दोन्हीला एकच, ही आमच्या भाषेची अडचण.

शिडीवरचा पोरगा अजून उभाच होता. शेवटी मुनीमजीच उठले. चष्मा पुसत म्हणाले, “भाऊ, माह्यावरच लावा. उद्या दहा रुपये कमी भरले, तर गावात कोनाचं नाव येईन? माहं. मंग साक्षीले कोनी तरी पाह्यजे ना.”

गरिबाला साक्षीदार लागतो, हे मला सुचलं नव्हतं. मामेभावानं मान खाली घातली. पण मुनीमजींचं संपलं नव्हतं. “फकत गल्ल्यासंगं तुमची खुर्ची बी येऊ द्या त्याच्यात.”

२.८ चं भिंग असल्यानं खुर्चीही आली. आठ दिवसांनी मुनीमजींनी पोरग्याकडून मागचं चित्रण काढायला शिकून घेतलं आणि एका दुपारी वहीवर मांडून दाखवलं. मंगळवारी चहा-पोहे, बुधवारी मंडळाची वर्गणी, गुरुवारी कुणाला तरी एसटीला पन्नास. सगळं गल्ल्यातून, सगळं मालकाच्या हातानं, आणि एकही नोंद नाही. हिशेब पै न पै लागला. मामेभाऊ हसला, पण जरा उशिरा.

तिकडे पुण्याला नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलाच्या मोबाइलवरही दुकान दिसू लागलं. आता रोज दुपारी अडीचला फोन येतो, “बाबा, झोपले काय?” बापावर लक्ष ठेवण्याची सोय कुठल्याही शास्त्रात सांगितलेली नाही. मामी म्हणाली, “बरं झालं. आता पोरगं रोज फोन त करते!”

मामी ऐंशीच्या पुढची. दुकानाला लागून घराचा ओटा आहे, तिथं ती सकाळपासून बसते. कॅमेरे येणार म्हटल्यावर तीच एकटी चिडली होती. “काहून रे, मी काय मेली काय, त्या काचेच्या डोळ्यानं पाहाले?” तिचं म्हणणं बिनतोड होतं. रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं, कुणाची सून माहेराहून परत आली नाही, सगळं तिला ठाऊक. पण काय बोलायचं आणि काय पोटात ठेवायचं, हेही तिला ठाऊक. शिवाय ती जगाकडे बघते, तेव्हा जगालाही ती दिसते. पदर सावरून रामराम घेते.

खरी गोष्ट मात्र मृगाच्या तोंडावर उघडी पडली. पोरग्यानं हौसेनं पडदा गल्ल्याच्या मागं, गिऱ्हाइकाला दिसेल असा टांगला होता. पेरणीचे दिवस. सोयाबीनचं बियाणं रोखीनं नेणारे थोडे. बाकीच्यांची बोली, माल निघाल्यावर देऊ. उधार मागताना माणसाचा आवाज दोन पट्ट्या खाली उतरतो, मान किंचित वाकते, हातातला दुपट्टा उगाच पिळला जातो. आजवर हे फक्त मामेभावाला दिसत होतं आणि तो त्या वेळी हटकून पावतीपुस्तक शोधायला खाली वाकायचा. आता ते त्या माणसाला स्वतःलाच दिसू लागलं, वरच्या कोनातून, डोक्यावरच्या विरळ केसांसकट. एकानं पडद्याकडे पाहिलं, मागं रांगेत उभ्या असलेल्यांकडे पाहिलं आणि “येतो मंग” म्हणून निघून गेला. दोन दिवसांत असे तिघं गेले. हुंडीवाले सावकारही असं करत नसत. ते निदान दार लोटून घ्यायचे.

मामेभावाला वाटलं, भाव जास्त पडला असेल. मामीनं ओट्यावरून सांगितलं, “आपल्या उधारीचा शिनेमा कोनाले पाह्यवते रे?”

दुसऱ्या दिवशी पडदा आतल्या खोलीत गेला. उधारीची वही ओट्यावर आली. आता ज्याला ‘जरा बोलायचं’ असतं, तो दुकानात शिरतच नाही. ओट्याच्या पायरीवर टेकतो. मामी त्याला पाणी देते आणि लगेच तूर निवडायला घेते. तूर निवडताना तिला काही ऐकू येत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. कालपर्यंत तिला पलीकडच्या गल्लीतलं कुजबुजणं ऐकू येत होतं, हेही.

परवा पोरगा भिंगावरची जाळी काढायला आला होता. वहीभोवती बसलेली माणसं बघून म्हणाला, “काका, खरा व्यवहार त इथं होते. एक ओट्यावर लावून देऊ काय?”

मामेभावानं वहीतून मान वर काढली. “चॅनल किती हायेत आपल्या डब्याले?”

“चार.”

“मंग भरले ना बावा,” तो म्हणाला आणि पुन्हा लिहू लागला.