कासच्या फुलांवर हक्क कुणाचा?

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पारा इतका उतरतो की एखाद्या पहाटे गवतावरचे दव गोठते, आणि ते पाहायला लोक अंधारातच गाड्या काढतात. पावसाळा सरता सरता अशीच गर्दी कासच्या पठारावर लोटते. दव गोठले नाही, धुक्याने फुले झाकली, की परतणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते : ट्रिप वाया गेली. सृष्टी आपल्याला दाखवण्यासाठी मांडून ठेवली आहे, हे त्या वाक्यात गृहीतच धरलेले असते. मला हे गृहीतक चूक वाटते. इतकेच नव्हे, तर ते सोडल्याशिवाय निसर्गापुढे धार्मिक म्हणावा असा भाव संभवतच नाही, असे माझे मत आहे.

कासचे पठार जांभ्याचे. कातळावर मातीचा थर जेमतेम. पावसात तो भिजून चिंब, उन्हाळ्यात कोरडाठाक. अशा जमिनीत नत्र कमी, म्हणून ‘सीतेची आसवं’ ही इवली वनस्पती बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून ती उणीव भरून काढते. ‘दवबिंदू’च्या पानांवरचे चिकट थेंब हाही किड्यांसाठी लावलेला सापळाच. टोपली कारवी वर्षानुवर्षे नुसती वाढते आणि साधारण सात वर्षांनी एकाच हंगामात पठारभर फुलते. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींचा हा संसार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आला. पण त्यातली एकही वनस्पती आपल्याकडे पाहून फुलत नाही. तो रंग आणि तो मध कीटकांसाठी आहे, आणि फुलण्याची घाई ओलीचे दिवस थोडे उरल्यामुळे आहे.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचाच आहे. पाहणारा नसेल तर सौंदर्य कुठले? कान्टने १७९० च्या ग्रंथात सौंदर्य माणसाच्या निर्णयशक्तीशीच जोडले. हे मान्य करू. पण त्याच कान्टने त्या आनंदाला एक अट घातली : समोरची वस्तू आपल्या कामी यावी, आपली व्हावी, ही इच्छा त्यात नसावी. ईशावास्य उपनिषदाचा आरंभही याच्या फार जवळ जातो. सगळे ईश्वराचे आहे, तेव्हा हव्यास सोडून भोग घ्या, असा त्याचा आशय. या उपनिषदावर वृत्ती लिहिणारे विनोबा १९१७ साली वेदान्ताच्या अभ्यासासाठी वाईला, म्हणजे कृष्णेच्या काठी, येऊन राहिले होते. सौंदर्याला पाहणारा लागत असेलही. असण्याला लागत नाही. ट्रिप वाया गेली म्हणणारा या दोहोंत गल्लत करतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. धर्माने तरी कुठे हव्यास सोडायला शिकवले? पाहणाऱ्याचा हव्यास तर उघडच आहे : महाबळेश्वरात १८२९ साली प्रतापसिंह महाराजांशी करार करून इंग्रजांनी माल्कमपेठ वसवली आणि कड्याकड्याला साहेबांची नावे दिली. उभे राहून पाहणाऱ्याच्या सोयीने डोंगराचे ‘पॉइंट’ झाले. जवळच क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री यांचे उगम मानले जातात. तिथे भाविक ओणवा होऊन पाणी घेतो, पण पुण्य मागूनच. यात्रेचा कचराही नदीतच जातो. मग पर्यटकालाच दोष का? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. देवाचे नाव घेतल्याने हव्यास सुटत नाही. तरीही धर्माजवळ एक विचार होता, जो तिकिटाजवळ नाही. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. कित्येक रायांत वाळलेले लाकूडही उचलायचे नाही, असा दंडक होता. तो भीतीने पाळला जाई, हे खरे. पण भीती हे कुंपण झाले. आतला विचार असा की या रानाचा धनी इथे जमलेल्यांपैकी कुणीच नाही. नास्तिकालाही तो पटायला हरकत नाही.

याचा अर्थ माणसाने दूर राहावे असा मी काढत नाही. कासवर कुंपण घातले गेले, गुरांची चराई थांबली, आणि पुढे फुले रोडावल्याची तक्रार अभ्यासकांसह गावकऱ्यांनीही केली. माणूस आणि त्याची गुरे त्या पठाराच्या घडणीत आधीपासून होती. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वराचे उदाहरण तर मला फार मोलाचे वाटते. उघड्या बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे उभी राहिली, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली ते अभयारण्य झाले. आज ती हरणे खालच्या शिवारात उतरून पिके खातात. रान आपल्यासाठी नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला रोकडीने मोजावे लागते. पर्यटकाला त्याची झळ लागत नाही, म्हणूनच त्याच्याकडून थोडा संयम मागणे न्यायाचे आहे.

उरतो पोटाचा प्रश्न. कास परिसरातल्या गावांची समिती प्रवेशशुल्क घेते, दिवसाला ठरावीक लोकांनाच आत सोडते, आणि त्यावर तिथल्या माणसांना रोजगार मिळतो. मर्यादा घातल्याने धंदा बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे : मर्यादा आहे म्हणून तर पुढच्या वर्षी विकायला काही उरते. मात्र शुल्क घेताना गावांनी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पैसे प्रवेशाचे आहेत, फुलांचे नव्हेत. ज्या वर्षी कारवी नुसती हिरवी असते, त्या वर्षीही ती आपले कामच करत असते, आणि वाटाड्याने ते काम समजावून दिले तर आलेला माणूस फसलेला नसतो.