खवखवता घसा आणि काकड्याचा नेम



२०२० साली आळंदी-देहूच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरीस गेल्या, सोबत मोजकी वीस-वीस माणसे. इकडे सुलतानपुरात म्हातारे वारकरी मला विचारीत, "महाराज, वारी चुकली, भजन बंद. नेम मोडला का आपला?" मी सांगे, नाम मनातही घेता येते. उत्तर बरोबर होते. मला मात्र ते पाळता आले नाही.

पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, मंदिरे उघडली. उरलेला काकडा तरी पदरात पडावा म्हणून आम्ही सहा जण पहाटे बसलो. माझा घसा दोन दिवस खवखवत होता. कुणाला बोललो नाही. थंडी म्हणून दारही मीच लोटायला लावले. उंच स्वरात चाल धरली, टाळकऱ्यांनी झेलली. आठ महिन्यांचा उपास सुटला जणू. चार दिवसांनी आमचा मृदंगी अंथरुणाला खिळला.

पुढे नातवाने वाचून दाखवले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन गावी १० मार्च २०२० ला एका गायकमंडळाचा अडीच तास सराव झाला. ६१ माणसे जमली, त्यांतल्या एकाला सर्दीसारखे होते. त्याच्यासह ५३ जण आजारी पडले, दोघे गेले. आवाज जितका चढा, तितके श्वासातले सूक्ष्म तुषार जास्त, आणि बंद जागेत ते बराच वेळ तरंगत राहतात.

मी आयुष्यभर सांगत आलो की कीर्तनात सगळ्यांचा श्वास एक होतो. माउली, ज्याने कीर्तन रंगते त्यानेच रोगही पसरतो, हे मात्र कधी मनात आले नव्हते. "देवाच्या दारात कसला रोग" म्हणणारेही होते. दार देवाचे, पण फुप्फुसे शेजाऱ्याची ना! वीणा, टाळ, मृदंगाला फुंक लागत नाही. शंखाला, शिंगाला लागते. बाहेर पारावर, अंतर ठेवून, तोंडाला उपरणे बांधून हलक्या आवाजात म्हटले असते तर काकडा झालाच असता. ज्याचा घसा दुखतो त्याने घरी बसायचे, एवढेच. गप्प बसण्याने नेम मोडत नव्हता. मी खवखव लपवली तिथे मोडला.

मृदंगी बरा झाला. पण आता द्रुत लयीत मध्येच हात थांबवून दम घेतो. त्याला माझ्यापासून लागले की बाजारातून, कोण सांगणार? त्याने कधी विचारले नाही, मीही बोललो नाही. हा अंक त्याच्या घरी जातो.